परतूरची परिषद

परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, पण 1981 पर्यंत ते परभणीचे होते. 1937 मध्ये याच गावी महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि अध्यक्षपदी गोविंदराव नानल होते. परतूर तेव्हा हैदराबादच्या निजामी राज्यात होते आणि तिथे परवानगीशिवाय सभा भरवणे हा गुन्हा होता. गश्ती निशान 53 या हुकुमाने 1929 पासून लोकांच्या तोंडाला कुलूप घातले होते. त्यातून वाट काढत परिषद मातृभाषा, शिक्षण आणि नागरी हक्कांवर बोलू लागली.

पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. नानल सत्याग्रह करून तुरुंगात गेले.

बंदी 1946 पर्यंत टिकली. त्या काळात लोकांना एकत्र येण्याची जागा उरली ती भाषावार संघटनांचीच: तेलुगू भागात आंध्र महासभा, कन्नड भागात कर्नाटक परिषद आणि आपल्याकडे ही महाराष्ट्र परिषद. लातूर, उमरी, औरंगाबाद, सेलू अशी तिची अधिवेशने होत राहिली. बंदी उठताच ती स्टेट काँग्रेसमध्ये विलीन झाली. वय अवघे नऊ वर्षे. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या भाषणांत तिच्या वाट्याला जेमतेम अर्धे वाक्य येते, हा तिच्यावर अन्याय आहे. संघटना उभी करण्यापेक्षा ती वेळेवर मोठ्या कामाच्या हवाली करणे अवघड असते.

पश्चिम आफ्रिकेतल्या घानातही असेच विलीनीकरण झाले, पण ते सक्तीचे होते. 1957 मध्ये एन्क्रुमा सरकारने प्रादेशिक, जमातींच्या आणि धार्मिक पक्षांवर कायद्याने बंदी आणली. त्या पक्षांनी नाइलाजाने एकत्र येऊन युनायटेड पार्टी काढली. 1964 मध्ये देश एकपक्षीय झाला आणि तीही संपली. तिचे नेते डँक्वा 1965 मध्ये तुरुंगात वारले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत सत्ताधारी उमेदवार बिनविरोध निवडून आले.

दोन्हीकडे छोटे पक्ष मोठ्या पक्षात गेले, एवढेच पाहणारा फसतो. आपण होऊन विसर्जित झालेल्या परिषदेमागे मोकळी जागा राहिली. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत परभणीकरांनी, परिषद ज्या काँग्रेसमध्ये मिसळली तिला बाजूला ठेवून, शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना दिल्लीला पाठवले.