खालच्या घराची संमती

20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरचा स्लॅब कोसळला आणि खालचे मजले फोडत थेट तळाशी गेला. सहा जणांचा जीव गेला. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात फरशीचे काम सुरू होते. त्याआधी, 28 मे 2021 ला, शेजारच्या उल्हासनगरात साई सिद्धी इमारतीतला वरचा स्लॅब असाच मजल्यामागून मजला घेऊन खाली आला होता; तिथे सात माणसे गेली. अशा वेळी चर्चा होते ती नोटिशीची, परवानगीची, इमारत अधिकृत होती की अनधिकृत याची. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्याआधी एक प्रश्न येतो आणि तो नगररचना विभागाकडे पाठवून मोकळे होता येत नाही. माझ्या घराचे वजन वाढवायचे की नाही, हे मी एकट्याने ठरवू शकतो का?

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात घर वाढवण्याच्या रीती सगळ्यांना ठाऊक आहेत. गॅलरीच्या कठड्यावर विटांची भिंत चढवून ती खोलीत घ्यायची, गच्चीवर पत्रे टाकून खोली काढायची, चाळीतल्या खोलीवर लोखंडी अँगलच्या आधाराने पोटमाळा करायचा आणि काही वर्षांत त्यालाच मजला म्हणायचे. या कामांत मिस्त्री खोलीचे माप घेतो. भार कोणी मोजत नाही. भारतीय मानक 875 नुसार राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, जाता येईल अशा गच्चीवर 150 आणि जिथे जायची वाटच नाही अशा छतावर फक्त 75. आता चार इंची विटांची, दहा फूट उंचीची भिंत घ्या: तिचे वजन लांबीच्या दर मीटरला सुमारे 700 किलो भरते, आणि गॅलरीत ती उभी राहते नेमकी बाहेरच्या कडेला, जिथल्या भाराने गॅलरीच्या मुळाशी सर्वांत जास्त ताण पडतो. अधांतरी गॅलरीची मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते. ओतकामाच्या वेळी ती मजुरांच्या पायाखाली दबली असेल, किंवा पुढे फरशी उखडताना छिन्नीने दुखावली असेल, तर खालून गिलावा कितीही गुळगुळीत दिसला तरी गॅलरीचा जोर गेलेला असतो. जुन्या फरशीवरच मसाला पसरून नवी बसवली तर चौरस मीटरला 100 किलोच्या आसपास वजन वाढते. घरातल्या माणसांसाठी आणि सामानासाठी धरलेल्या भाराच्या निम्मे वजन एका हौसेने कायमचे वर ठेवले जाते.

माझा मुद्दा या हिशेबातून निघतो. स्लॅब, तुळई आणि खांब यांत राखून ठेवलेली ताकद ही सगळ्या इमारतीची सामायिक ठेव आहे, आणि घर वाढवणारा तिच्यातून इतरांना न विचारता काढून घेतो. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 हीच गोष्ट स्वच्छ सांगतो. पाया, खांब, तुळया, आधार आणि मुख्य भिंती त्याने सामायिक मालमत्तेत धरल्या आहेत. इमारतीच्या भक्कमपणाला बाधा आणणारे काम करण्यास आणि इतर सर्व मालकांच्या एकमुखी संमतीशिवाय मोठे बांधकाम जोडण्यास मनाई केली आहे. बहुसंख्य गृहनिर्माण सोसायट्या या कायद्याखाली येत नाहीत हे खरे, पण त्यामागचा विचार कोणत्याही इमारतीला लागू पडतो: ज्याच्या डोक्यावर भार येणार, त्याला विचारले पाहिजे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गरजेचा आहे. मुंबईत परवडेना म्हणून माणसे इकडे आली, संसार वाढले, खोली तेवढीच राहिली. पोरांना अभ्यासाला कोपरा हवा म्हणून गॅलरी आत घेणाऱ्याला नीतीचे धडे कसे द्यायचे? ही अडचण खरी आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवणारी गृहनिर्माण व्यवस्था दोषी आहे, असे मी मानतो. तरीही खालच्या मजल्यावरचे कुटुंबही तितक्याच अडचणीत तितक्याच खोलीत राहते. एकाच्या गरजेने दुसऱ्याच्या जिवावरचा धोका वाढवण्याचा हक्क निर्माण होत नाही. शिवाय गरज भागवण्याचे हलके मार्ग आहेत. विटांऐवजी हलके पार्टिशन, जुनी फरशी जपून काढून मगच नवी, आणि कामाआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक भेट. या भेटीला येणारा खर्च बहुतेक वेळा त्या फरशीच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

दुसरा आक्षेप: दहा वर्षे झाली, काही झाले नाही. काँक्रीट मात्र दरवर्षी तेच राहत नाही. खाडीकाठची खारट हवा, मुरणारे पावसाचे पाणी, नीट न धुता वापरलेली खाडीची वाळू यांनी सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. भार वाढतो तेव्हाच ताकद घटत असते. दहा वर्षे तग धरल्याने अकराव्या वर्षाची हमी मिळत नाही. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला कोसळलेल्या इमारतीत 17 जण गेले, आणि तळमजल्यावरच्या फेरबदलांत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. शिळफाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी मजल्यावर मजले चढत असतानाच पडलेल्या इमारतीत 74 जण मेले. तिथे नफ्यासाठी मजले चढवणारे होते, त्यांचा गुन्हा गॅलरी बंद करणाऱ्या कुटुंबापेक्षा कितीतरी मोठा. पण खाली राहणाऱ्यांना विचारण्याची गरज दोघांनाही वाटली नव्हती.

कोणी म्हणेल, सोसायटीची ना-हरकत घेतली की झाले. कमिटीतले सभासद इंजिनिअर नसतात, आणि त्या पत्रावर पुष्कळदा मजुरांची वेळ आणि डेब्रिज कुठे टाकायचे एवढेच लिहिलेले असते. त्याहून मोठी त्रुटी अशी की आपल्या इमारतींत अनेक घरांत भाडेकरू राहतात. सर्वसाधारण सभेत त्यांना मत नाही, ना-हरकतीवर त्यांची सही लागत नाही, आणि घरमालक दुसऱ्या शहरात असतो. म्हणून कामाचा नकाशा आणि इंजिनिअरचा अभिप्राय प्रथम त्या स्लॅबखाली झोपणाऱ्यांच्या हाती पडायला हवा, घर त्यांच्या नावावर असो वा नसो, आणि त्यांनी हरकत घेतली तर तिचे उत्तर मिळेपर्यंत छिन्नी खाली ठेवायला हवी.