शांतता कोणाची?

आमच्या रत्नागिरीत एखादे पोर फार दंगा करू लागले, की "याला आता इस्पितळात टाकायला हवा," असे मोठी माणसे हसत हसत म्हणतात. कुठल्या इस्पितळात, हे सांगावे लागत नाही. ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्याप्रमाणे आमच्या गावालाही सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि तेही इंग्रजी अमदानीपासूनचे. ही थट्टा आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती एखाद्याला बोचत असेल हे ध्यानातच येत नाही. माझ्या ध्यानात ते काही वर्षांपूर्वी आले.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण जरा घुमा. पावसाळा सरता सरता तो एकाएकी वर्गात कुणाशी तरी बोलू लागला. मागे वळून पाही, उत्तर देई, कधी ओरडे. त्याला आवाज ऐकू येत होते. घरच्यांनी आधी देवऋषी केला, अंगारे लावले. त्यात तीन महिने गेले. अखेर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि काही आठवड्यांनी तो वर्गात परत आला. शेवटच्या बाकावर मुकाट बसू लागला. माझा तास सुरळीत चालू लागला. "औषधाने चांगला गुण आला हो," असे मी त्याच्या आईला मोठ्या समाधानाने सांगितले.

एके दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशी रेंगाळला. म्हणाला, "सर, आवाज थांबले, ते बरं झालं. पण सारखी झोप येते, भूक आवरत नाही, गणित तर डोक्यात शिरतच नाही. हे मी कुणाला सांगू?"

मी निरुत्तर झालो. त्याच्या प्रकृतीविषयी मी त्याच्या आईशी बोललो होतो, इतर शिक्षकांशी बोललो होतो. त्याला मात्र काहीच विचारले नव्हते. वर्ग शांत झाला, एवढ्यावर मी त्याला बरा ठरवून मोकळा झालो होतो.

या औषधांच्या जन्मापासूनच ही गफलत त्यांच्यासोबत आहे. १९५२ साली पॅरिसमधल्या सेंट ॲन इस्पितळात क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना प्रथम पद्धतशीरपणे देण्यात आले, आणि पुढे जगभर आरडाओरड्याने भरलेल्या खोल्या निवांत झाल्या. हे वरदानच होते. परंतु रोग्याची वेदना शमली म्हणून आलेली शांतता आणि तो नुसता गुंगीत आहे म्हणून आलेली शांतता, या दोन्ही दारातून पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. २००६ साली अमेरिकेत रिस्पेरिडोन हे औषध पाच ते सोळा वर्षांच्या स्वमग्न मुलांना देण्यास मान्यता मिळाली. तीही भास होतात म्हणून नव्हे, तर त्यांचा अनावर संताप आणि स्वतःला इजा करून घेणे आटोक्यात यावे म्हणून. भिंतीवर डोके आपटणाऱ्या लेकराला औषध नाकारणे ही निर्दयता होय. त्याच्या उशाशी रात्रीमागून रात्री जागणाऱ्या आईला चार घटका झोप मिळाली, तर तिला स्वार्थी म्हणण्याचा अधिकार मला नाही. दमलेली आई सावरली, तर तिचे मूलही सावरते. पण या औषधांची किंमत मुलाचे शरीर मोजते. वजन वाढते, आणि ते मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक वाढते. रक्तातली साखर चढू शकते. अंग ताठरते, डोळ्यांवर झापड येते. ज्याने ही किंमत मोजायची, त्याला ती सांगायला नको काय?

कायद्याने अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकच निर्णय घेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने एवढे केले, की मुलाला इस्पितळात ठेवायचे झाल्यास मोठ्या रोग्यांपासून वेगळे ठेवावे आणि त्याच्याजवळ घरचे किंवा त्यांनी नेमलेले माणूस सतत राहावे. हे चांगलेच झाले. पण जवळ बसणे आणि ऐकणे यांत अंतर आहे. निर्णयाचा अधिकार मुलाकडे नाही, म्हणून तर त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे आपले कर्तव्य दुप्पट होते.

यावरून कोणी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. तसे करणे घातक आहे. त्या मुलाची आईही माझ्या सांगण्यावरून डॉक्टरांकडेच गेली. या खेपेस मुलगा स्वतः बोलला. डॉक्टरांनी ऐकून घेतले, रक्त तपासले, आणि गोळीची मात्रा हळूहळू बदलली. त्याचे गणित काही पूर्वीसारखे झाले नाही. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी फळ्यावर बेरीज चुकलो, तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, हातचा राहिला!"

सारा वर्ग हसला. माझा तास मोडला. तो गलबला थांबवावा, असे मला काही केल्या वाटेना.