मौन आणि दोष: जुन्या हायब्रिड गाडीच्या विक्रीतील नीतिप्रश्न

जुनी वस्तू विकताना तिचा ठाऊक असलेला दोष गिऱ्हाइकाने न विचारताही सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे काय, हा प्रश्न धर्मशास्त्र, रोमन नीतिविचार आणि मध्ययुगीन ख्रिस्ती ईश्वरविद्या या तिन्ही परंपरांनी गंभीरपणे हाताळला आहे. त्यांची उदाहरणे धान्याची, घराची, घोड्याची आणि ओझ्याच्या जनावरांची आहेत. अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात वीस वर्षांच्या घरात पोहोचलेली हायब्रिड एसयूव्ही, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणारी मोठी गाडी, हाच प्रश्न अधिक अवघड करून मांडते. कारण दोष गाडीत आज आहे की उद्या येणार आहे, हेच तिच्या बाबतीत चटकन ठरवता येत नाही.

उदाहरणादाखल २००६ आणि २००७ सालची टोयोटा हायलँडर हायब्रिड घेता येईल. तिच्या मधल्या आसनांखाली निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटरीचा २८८ व्होल्टचा संच असतो. त्यात प्रत्येकी ९.६ व्होल्टचे ३० विभाग एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एक विभाग ढिला पडला तरी सगळा संच लंगडा होतो. संच थंड ठेवणारा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो, त्यामुळे आसनाजवळच्या जाळीत धूळ आणि पाळीव कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते आणि तिचे वय झपाट्याने सरते. नवा संच बसवण्याचा खर्च काही हजार डॉलरांत जातो आणि एवढ्या जुन्या गाडीच्या किमतीशी बरोबरी करू शकतो. ब्रेकचा दाब विजेच्या पंपाने तयार करून चाकांपर्यंत नियंत्रितपणे पोहोचवणारा भाग, ज्याला ब्रेक अ‍ॅक्च्युएटर म्हणतात, हाही असाच महागडा भाग असून तो निकामी होऊ लागला की पंप वारंवार घरघरतो. याखेरीज या गाडीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, आणि तो ठरावीक अंतरानंतर, बहुधा पाण्याच्या पंपासकट, बदलावाच लागतो. दुसऱ्या पारड्यात या गाडीला वेगळा स्टार्टर नाही, अल्टर्नेटर नाही, आणि वेग कमी होताना मोटरच वीज परत साठवत असल्यामुळे ब्रेकचे पॅड बराच काळ टिकतात; म्हणून ही गाडी सरसकट तोट्याची ठरवणेही न्यायाचे होणार नाही.

१३ व्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात विक्रेत्याच्या मौनाचा विचार करताना केलेले दोन भेद येथे फार उपयोगी पडतात. पहिला भेद उघड आणि लपलेल्या दोषांमधला आहे: घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि विक्रेत्याने त्या मानाने किंमत उतरवली असेल, तर त्याने तोंडाने काही सांगण्याची गरज नाही, पण दोष डोळ्यांना न दिसणारा आणि घेणाऱ्याचे नुकसान किंवा घात करणारा असेल, तर तो न सांगता केलेली विक्री अन्याय्य ठरते. दुसरा भेद वर्तमान आणि भविष्य यांमधला आहे. एखादा व्यापारी महागाईच्या गावी गहू घेऊन गेला आणि मागून आणखी व्यापारी गहू घेऊन येत आहेत हे त्याला ठाऊक असले, तरी ते न सांगता चालू भावाने विकण्यात तो न्यायाचा भंग करत नाही. सांगितले तर ते अधिक सद्गुणाचे, एवढेच. ऱ्होड्सच्या गव्हाचे असेच उदाहरण देऊन रोमन विचारवंत सिसेरो यांनी मात्र अक्वायनस यांच्याही सुमारे तेरा शतके आधी अधिक कठोर मत मांडले होते आणि असे मौन सज्जनाला शोभत नाही असा निर्वाळा दिला होता.

म्हाताऱ्या होत चाललेल्या बॅटरीला यांपैकी कोणत्या रकान्यात बसवावे? विक्रेत्याला सोयीचे उत्तर असे की बॅटरी आज चालते आहे, ती केव्हा बसेल हे कोणालाच माहीत नाही, म्हणून ती वाटेवरच्या गव्हासारखी. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. या जातीच्या गाडीची बॅटरी वयाने थकते, टायमिंग बेल्टची मुदत भरते, २०११ साली टोयोटाने याच दोन वर्षांच्या गाड्या इन्व्हर्टरमधील, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी पालटून देणाऱ्या भागातील, सदोष डाखकामासाठी परत बोलावल्या होत्या, या गोष्टी सर्वांना खुल्या आहेत आणि त्यांची चौकशी करणे घेणाऱ्याचे काम आहे. पण याच एका गाडीच्या संचातील एक विभाग चढावर इतरांपेक्षा खाली घसरतो, मागच्या महिन्यात पी०ए८० हा बॅटरी संच बदलण्याची सूचना देणारा संकेत उमटला होता आणि तो यंत्र लावून पुसून टाकला, हे भविष्य नव्हे; ते आजचे वास्तव आहे आणि ते एकट्या मालकाला ठाऊक आहे. संकेत पुसला की डॅशबोर्डवरचा दिवा विझतो आणि काही अंतर चालवेपर्यंत गाडी निर्दोष भासते. येथे मौन संपून कृती सुरू होते. किंमत थोडी उतरवल्याने ही कृती धुऊन निघत नाही, कारण अक्वायनस यांनी ती सवलत उघड दोषापुरतीच दिली आहे.

भारतीय स्मृतिकारांनी हाच प्रश्न परीक्षेच्या मुदतीच्या अंगाने सोडवला. याज्ञवल्क्य आणि नारद या दोन्ही स्मृतींत विकत घेतलेल्या वस्तूची पारख करण्यासाठी वस्तुपरत्वे काळ नेमून दिला आहे: दुभत्या जनावराला ३ दिवस, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नांना ७, बियाण्याला १०. (त्याच यादीत माणसांच्या विक्रीसाठीही काळ सांगितला आहे, हा त्या शास्त्रावरचा डाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही.) जो दोष ज्या वस्तूत जितक्या दिवसांत बाहेर पडतो तितका काळ घेणाऱ्याला मिळावा, असे या नियमाचे मर्म दिसते. बिनदोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याला नारदाने मूल्याच्या दुपटीची भरपाई आणि तेवढाच दंड सांगितला आहे. परीक्षेची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकताना परीक्षा शक्य होईल एवढी सवड देणे, हा समतोल आजच्या अनेक व्यवहारांत हरवलेला आहे. गल्लीला एक फेरी मारून पैसे मोजणाऱ्या माणसाला बॅटरीच्या ३० विभागांपैकी एकाचीही पारख करता येत नाही.

कायद्याची किमान पायरी याहून खाली असू शकते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमाखालील दृष्टांतात, खोड असलेला घोडा लिलावात गप्प राहून विकणारा माणूस फसवणूक करत नाही. मात्र विकत घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते, आणि ‘तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा धड आहे असे समजेन’ असे घेणाऱ्याने बजावले असेल, तर मौन हेच बोलणे मानले जाते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने खाजगी विक्रेत्यावरही ठाऊक असलेले गंभीर दोष सांगण्याचे बंधन घातले आहे. करार कायद्यातील दृष्टांताचे महत्त्व असे की, कायदाही विश्वासाचे नाते आले की कर्तव्य वाढते हे मान्य करतो. हायब्रिड गाडीच्या बाबतीत हे नाते रक्ताचे नसून ज्ञानातील तफावतीचे असते, आणि ज्याला वस्तूचे आतले काहीच दिसू शकत नाही तो घेणारा विक्रेत्याच्या शब्दावर मुलीइतकाच विसंबून असतो.

सर्वांत कठीण प्रसंग जाणीवपूर्वक खोटे बोलणाऱ्याचा नाही. पंखा हल्ली जोरात वाजतो, ब्रेकचा पंप पूर्वीपेक्षा वारंवार घरघरतो, हे ज्याला जाणवते पण तपासणी केली तर सांगावे लागेल म्हणून जो गाडी गॅरेजमध्ये नेतच नाही, त्याचे अज्ञान त्याने स्वतः राखलेले असते. दोष ठाऊक नसताना विकणारा पापी नव्हे, पण दोष कळताच भरपाईला बांधलेला आहे, असे अक्वायनस मानतात. राखलेल्या अज्ञानाला ही मुभा देता येणार नाही, कारण संशय आलेला असतो आणि तो संशयच सांगण्याजोगी गोष्ट असते. पंप घरघरतो एवढे एक वाक्य उच्चारायला तंत्रज्ञाचे ज्ञान लागत नाही. ते ऐकून घेणारा गाडी तपासून घेईल, किंमत पाडून मागेल किंवा नाद सोडून देईल. यांपैकी कोणता मार्ग धरायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि गप्प राहणारा विक्रेता गाडीच्या किमतीबरोबर तोही अधिकार त्याच्याकडून काढून घेतो.