जुन्या होडीचा भाव

आम्ही वर्गात मुलांना नफा-तोट्याची गणिते घालतो. समजा, नवी होडी १० लाखांची, तिचे आयुष्य २० वर्षे. ८ वर्षे वापरल्यावर तिची किंमत किती? मुले सांगतात, ६ लाख. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पण हेच उत्तर घेऊन रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात गेलात तर लोक हसतील.

कारण लाकूड वर्षांच्या हिशेबाने झिजत नाही. पाण्याखालच्या फळ्या किडा आतून पोखरतो आणि वरून तेल-रंग दिलेली फळी नवीकोरी दिसते. इंजिनाचा आवाज ऐकता येतो, जाळी ओढून पाहता येते, नोंदणी आणि परवाना वाचता येतो. तळ मात्र होडी किनाऱ्यावर ओढल्याशिवाय दिसत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. जाणकार माणूस त्याच दिवसांत होडी पाहतो, फळीफळीवर हातोडी ठोकतो. पोकळ फळीचा आवाज लपत नाही. त्यातही बंदी लागताना विकणाऱ्याला पैशाची निकड असते आणि उठताना घेणाऱ्याला घाई. होडी तीच, फळ्या त्याच, भाव दोन. आणि बाजार दोन्हींना वाजवी म्हणतो!

आमच्या फिकहने या बाबतीत बरेच सांगून ठेवले आहे. ऐब लपवून माल विकणे नाजायज. ऐब निघाला तर माल परत करण्याचा खरेदीदाराला हक्क; त्याला खियारे-ऐब म्हणतात. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल शोधणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आमच्या शाळेतल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. होडीचा तळ म्हणजे ढिगातली ती ओलच. इथपर्यंत प्रश्न सोपा आहे.

अवघड पुढे आहे. समजा, विकणारा नेक आहे. तो म्हणतो, "भाई, डाव्या अंगाच्या तीन फळ्या गेल्यात." घेणारा म्हणतो, "मग ५० हजार कमी करा." तो करतो. ऐब सांगितला, भाव उतरला, दोघे राजी. आणि घेणारा फळ्या न बदलताच १ ऑगस्टला होडी पाण्यात लोटतो. ५० हजार त्याच्या खिशात, आणि त्या तीन फळ्यांवर तांडेल आणि खलाशी! सौद्याला ते हजर नव्हते. त्यांतले कित्येक नेपाळहून आलेले असतात. त्यांना कोण सांगणार?

उलट होडी महाग पडली तरी तेच भरतात. जिथे वाटणीची पद्धत आहे तिथे मासळीच्या पैशांतून होडीचा वेगळा वाटा निघतो, आणि फुगलेली किंमत वसूल करायला मालक त्याच वाट्याकडे पाहतो.

कोणी म्हणेल, विकली वस्तू, मालक बदलला, आता त्याचे तो पाहील. कपाट विकताना आम्हीही हेच म्हणू. पण कपाटात बसून कोणी समुद्रात जात नाही. म्हणून आमच्या मते ते ५० हजार ही सूट नव्हेच. ती खलाशांची अमानत आहे; घेणाऱ्याने ती फळ्यांवरच खर्च करावी, आणि विकणाऱ्याने तशी अट आधीच घालावी. फार तर गिऱ्हाईक जाईल.

भाव ठरताना तांडेलाला बोलवतात, पण इंजिन ऐकायला. त्याच्या हातात हातोडी द्यावी. लाख-हजारांत तो बोलणार नाही. ज्या फळीशी थांबेल तिचे तिथेच उभे राहून बोलून घ्यावे.