संग

बळ कुणाचे असे विचारले की आपले बोट पटकन सर्वांत कणखर वस्तूकडे जाते. पण फायबरच्या होडीपुढे हाच प्रश्न ठेवला तर ते अडखळते. तिच्यातला काचेचा धागा ओढ सोसणारा, पण एकटा असता नुसता लोंबणारा. धाग्यांना बांधणारे रेझिन आकार धरणारे, पण एकटे असता तडकणारे. एकाच्याही ठायी जे नाही ते दोघांच्या संगातून प्रकटते.

लाटेचा भार रेझिन झेलते आणि धाग्याच्या अंगाअंगाने त्याच्याकडे सोपवते. धागा फारच आखूड असेल तर ही सोपवणूक पुरी होण्याआधीच तो निसटतो. शिवाय नुसती जवळीक म्हणजे संग नव्हे. काचेला पाण्याची ओढ. ओल शिरली की काच रेझिनपासून सुटते. म्हणून धाग्यावर सिलेनचा लेप देतात, ज्याचा रेणू एका टोकाने काचेशी आणि दुसऱ्या टोकाने रेझिनशी जडतो. देव आणि भक्त यांच्यामधले संतांचे स्थान ज्याने जाणले, त्याला या मध्यस्थाचे मोल वेगळे सांगायला नको.

धाग्याऐवजी कण मिसळले तर, कण जितका सूक्ष्म, तितका संगाला वाव अधिक. टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-6 मध्ये वजनाने 5 टक्क्यांहूनही कमी चिकणमाती मिसळली, जिचे पापुद्रे अवघे 1 नॅनोमीटर जाडीचे. तेवढ्याने ताठरपणा सुमारे दुप्पट झाला आणि भाराखाली वाकण्याचे तापमान 65 अंश सेल्सिअसवरून 150 च्या आसपास गेले. पण हे घडले कधी? मातीच्या थरांमधले सोडियम आयन काढून तिथे नायलॉनशी जुळणारे सेंद्रिय आयन बसवले, पापुद्रे एकमेकांपासून सुटले, तेव्हा. नॅनोकणांची खोडच ही, की ते आपसांतच गोळा होतात; आणि असा गोळा बळ देत नाही, भेगेला जागा देतो. कण किती घातले याची बढाई फार ऐकू येते, ते विखुरले किती हे विचारणारे थोडे.

आणखी खोल गेलो तर दिसते की अतिघट्ट संगही घातक. बंध कुठेच सैल होत नसेल, तर रेझिनमधली भेग धागाही तोडून आरपार जाते. बंध किंचित सुटणारा असेल, तर भेग धाग्याच्या कडेने वळते आणि धागा उपसला जाताना घर्षणात तिचा जोर खर्ची पडतो.

फायबरच्या मोडक्या पत्र्याचा तुकडा मिळाला तर त्याची तुटलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहा. धागे स्वच्छ, कोरडे दिसले तर संग कच्चा होता; त्यांना रेझिन चिकटलेले दिसले तर तो मोडेपर्यंत टिकला होता.