सिद्धगडावरचा वकील

२ जानेवारी १९४३ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांना अभिवादन करायला दरवर्षी त्या तारखेला इथं माणसं जमतात. अशाच एका कार्यक्रमानंतर मुरबाडचे एक निवृत्त शिक्षक आणि कायदा शिकणारी त्यांची भाची यांच्यात झालेलं हे बोलणं.

भाची : मामा, भाषणांत सगळे ‘हुतात्मा’ म्हणाले, ‘वकील’ म्हणून कुणी आठवण काढली नाही. कोतवाल कायदा शिकलेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. त्यांनी विजेचे मनोरे पाडले; तो गुन्हा आहे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मामा : कळत होतं म्हणूनच प्रश्न अवघड आहे. शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी, गावोगावी शाळा, अशी चाकोरीतली कामं त्यांनी आधी केलीच होती. पण १९३९ साली मंत्रिमंडळानं राजीनामा दिल्यापासून मुंबई प्रांतात गव्हर्नरचा कारभार चालू होता. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींसकट सगळे नेते आत गेले. ज्या कायद्याला लोकांची संमतीच नाही, तो पाळायचा कशासाठी?

भाची : अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा हेच म्हणतो. संमतीशिवाय सत्ता नाही, आणि सत्ता जुलमी झाली तर ती उलथायचा हक्क आहे. पण पुढं काय झालं? १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी जप्त्या थांबवायला कोर्टांवर चालून गेले. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला कप्तान. ते बंड मोडलं, आणि १७८७ च्या राज्यघटनेत तरतूद आली की, बंड किंवा आक्रमण झालं आणि सार्वजनिक सुरक्षेला गरज पडली, तर हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा, हक्क तहकूब करता येईल. बंडातून जन्मलेल्या राष्ट्रानं अकरा वर्षांत पुढच्या बंडाचा बंदोबस्त करून ठेवला.

मामा : आपण तर आठच वर्षं घेतली. १९४२ चा लढा आणि १९५० चं संविधान. संविधान सभेतल्या कितीतरी जणांनी चौकशीविना तुरुंगवास भोगला होता. तरी कलम २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता ठेवलीच. ती शांततेच्या काळातही वापरता येते, आणि अशा कैद्याला वकील मिळण्याचा हक्कही ते कलम देत नाही.

भाची : मग ते ढोंगी होते म्हणायचं?

मामा : नाही. फाळणीची कत्तल त्यांनी पाहिली होती, गांधीजींचा खून पाहिला होता. त्या सभेत मी असतो तर कदाचित मीही हात वर केला असता. भ्यालेला माणूस अधिकार देताना हिशेब मागत नाही.

भाची : हिशेब मागायला कोर्ट असतं ना?

मामा : असतं, पण त्याची वेळ बघ. कोतवाल गेले त्याला चार महिनेही झाले नव्हते. एप्रिल १९४३ मध्ये मुंबईच्या केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टानं सांगितलं, ज्या नियमाखाली माणसं डांबली आहेत तो नियमच मूळ कायद्याच्या बाहेरचा आहे. सरकारनं काही दिवसांतच वटहुकूम काढला आणि नियम मागच्या तारखेपासून वैध करून टाकला.

भाची : अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकननंही कोर्टाला जुमानलं नव्हतं. १८६१ मध्ये सरन्यायाधीश टॅनी यांनी सांगितलं, हेबियस कॉर्पस तहकूब करायचा अधिकार काँग्रेसचा, अध्यक्षांचा नाही. लिंकन थांबले नाहीत. सुप्रीम कोर्टानं मिलिगन खटल्यात लष्करी न्यायाधिकरणाला चाप लावला तो १८६६ मध्ये, युद्ध संपल्यावर आणि लिंकन गेल्यावर. पण लिंकन थांबले असते तर गुलामगिरी संपली असती का?

मामा : इथंच पेच आहे. लिंकन जिंकले, गुलामी गेली, म्हणून आपण माफ करतो. पण तोच युक्तिवाद १९७५ च्या आणीबाणीत आपल्याकडेही वापरला गेला. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात राहिले. बहुमतात आपले यशवंत चंद्रचूड होते. तो निर्णय २०१७ मध्ये रद्दबातल झाला, आणि तो चुकीचा होता हे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव धनंजय होते. एकेचाळीस वर्षं लागली.

भाची : मग कोतवालांनी कायदा मोडला ते बरोबर आणि सरकारनं मोडला ते चूक, हे कोणत्या न्यायानं?

मामा : किंमत कोण देतं, त्या न्यायानं. कायदा मोडणारा नागरिक स्वतःचा जीव पणाला लावतो. सरकार मोडतं तेव्हा जीव दुसऱ्याचा जातो.

भाची : हे पटत नाही, मामा. मनोरे पडले तेव्हा वीज गेली ती इतरांचीही. आणि कोतवाल सत्याग्रह्यासारखे स्वतःहून अटक करून घ्यायला गेले नव्हते, भूमिगत झाले होते. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, मला संमती विचारली नव्हती.

मामा : खरं आहे. म्हणजे माझी कसोटी अर्धीच.

भाची : उरलेली अर्धी मी सांगू? बंडखोर हरला तर जाब द्यायला त्याला कोर्टात उभं राहावंच लागतं. सरकार जिंकलं तर तेच कोर्टाचं दार बंद करू शकतं. म्हणून जास्त बंधन सरकारवर हवं. अपवादाचा अधिकार द्यायचाच तर त्याला मुदत हवी, लेखी कारण हवं, आणि न्यायाधीशाचं दार एक दिवसही बंद होता कामा नये.

मामा : कबूल. पण तो अधिकार स्वतःच्या हातात असताना तू तो आवरता घेशील का? आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांचंच सरकार १९७७ मध्ये आलं. त्यांनी ४४ वी घटनादुरुस्ती केली. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबवता येणार नाही, हे तिनं पक्कं केलं. तिच्या तिसऱ्या कलमात आणखी एक गोष्ट होती : स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कुणाला तीन महिने अडकवून ठेवता येतं, ती मुदत दोन महिन्यांवर आणायची.

भाची : मग आली?

मामा : कलम मंजूर झालं १९७८ मध्ये. लागू करायला सरकारनं फक्त एक अधिसूचना काढायची होती. त्यांनी ती काढली नाही. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं दिल्लीत येऊन गेली, पण ती अधिसूचना अजून निघालेली नाही.