उंबरठ्याबाहेर उभे राहा

शास्त्रपाठ : अनुवाद २४:१०-११, प्रकटीकरण ३:२०



ऋण देणाऱ्याचा हक्क नियमशास्त्राने नाकारला नाही; परंतु त्याला मर्यादा घातली. गहाण घेण्यासाठी त्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. पैसा त्याचा, मागणे खरे. तरी उंबरठा दुसऱ्याचा.

हा पाठ आम्ही ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम वसाहतीत वाचतो. आपल्यात कोणी घरमालक आहेत, कोणी भाडेकरू. भाडे थकले किंवा खोली हवी झाली, म्हणजे कुलूप बदलावे, नळ बंद करावा, वीज तोडावी, सामान बाहेर काढावे, असे सहज सुचते. 'घर माझे आहे' एवढे उत्तर पुरेसे वाटते. ते पुरेसे नाही.

जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या महसूल कायद्याखालचाच एक तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. लल्लू यशवंतसिंग विरुद्ध राव जगदीशसिंग हा तो निवाडा १९६८ च्या निवाडेसंग्रहात आहे. कुळांना बळाने हुसकले होते. कुळाचा हक्क संपला असला तरी मालकाने न्यायालयाची वाट धरावी, कायदा हाती घेऊ नये, असे तेथे ठरले. मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या भाडे-कायद्यानेही घर खाली करविण्याची कारणे नेमून दिली. नुसती नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. बळाने बाहेर काढलेल्यास १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. मालकी कोणाची, हा प्रश्न तेथे आड येत नाही.

भाडेकरू बंधूंनो, हे छत्र भाडे बुडविण्यासाठी नाही. भाडे वेळेवर द्या, पावती मागून घ्या. देणे थकविणे हेही शेजाऱ्यावर अन्यायच आहे.

मीखा संदेष्ट्याने स्त्रियांना त्यांच्या सुखाच्या घरांतून घालवून देणाऱ्यांचा धिक्कार केला. म्हणून एखाद्या विधवेच्या दाराला रातोरात परके कुलूप लागलेले दिसले, तर 'तो त्यांचा आपसातला मामला' म्हणून आपण पुढे जाऊ नये. तिच्याबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत चालत जावे. स्त्रियांना तेथे विनामूल्य वकील मिळतो.

सारी पृथ्वी ज्याची, तो प्रभूदेखील दाराशी उभा राहून ठोकतो. कुलूप तोडीत नाही. मग चार खोल्यांचे धनी असलेल्या आपण त्याहून मोठा हक्क कोठून आणावा?

प्रभू आपणांस न्यायाने वागण्याची कृपा देवो. आमेन.